अल्बम सलग ऐका!

पिंक फ्लॉइडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा माझा सगळ्यात लाडका अल्बम. सुमारे ४३ मिनिटांचा. सुरुवातीला हृदयाचे ठोके, शेवटीही तेच, आणि मधली गाणी एकमेकांत मिसळलेली. गल्ल्याच्या खणखणाटावर सुरू होणाऱ्या 'मनी'ची चाल सात मात्रांची, आपल्या रूपकसारखी. एकच गाणं उचलून ऐकलं तरी मजा येते, पण वेळ, पैसा, वेड, मरण ही साखळी तुटते.

तुम्ही म्हणाल, कॉन्व्हेंटवाली ही, हिला इंग्रजीच आवडणार! थांबा. असाच एक अल्बम आपल्याकडेही आहे. राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली तेव्हाचा, १९७४ चा 'शिवकल्याण राजा'. संगीत हृदयनाथांचं, आवाज लतादीदींचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. भूषण, रामदासांपासून सावरकर, कुसुमाग्रजांपर्यंत कवी निरनिराळ्या काळांतले, पण विषय एकच. याला रॉक कुणी म्हणणार नाही. पण कॉन्सेप्ट अल्बम म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

आपण मात्र त्यातली जोशाची दोन-तीन गाणीच लावतो. गॅदरिंगला तीच, शिवजयंतीला तीच. त्यातली गोविंदाग्रजांची अंगाई कुणीच लावत नाही. बाळ शिवबा झोपत नाही आणि आई त्याला निजवतेय, बस्स, एवढंच त्यात.

गेल्या पावसाळ्यात आमचा ग्रुप रायगडला गेला. महाडहून येताना वाटेत पाचाड लागतं. सगळ्यांना रोपवेची रांग गाठायची घाई. मी आणि माझी रूममेट मात्र पाचाडला उतरलो, म्हटलं पुढे चालत येऊ. इथे जिजाऊंचा वाडा, इथेच समाधी. ६ जून १६७४ ला लेकाचा राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला आऊसाहेब इथेच गेल्या. वाड्याच्या पडक्या भिंतीपाशी एकेक इयरफोन कानात घालून आम्ही अख्खा अल्बम ऐकला. खरं सांगते, अंगाई ऐकलेली असली की कुसुमाग्रजांचे ते सात वीर वेगळेच वाटतात. वाटतं, यांनाही कुणीतरी असंच निजवलं असेल. नुसत्या जोशात हे कळत नाही.

तेव्हा होस्टेलच्या स्पीकरवाल्यांनो, एकदा तरी अल्बम सुरुवातीपासून लावा, अंगाई न गाळता. आणि रायगडला जाल तेव्हा पाचाडला उतरा. रोपवे कुठे पळून जात नाही!