आधी अधिसूचनेचा क्रमांक विचारा

गेल्या महिन्यात 'कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क' अशा अधिसूचनेचा फोटो उत्पादकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरला. कागद खरा होता, फक्त वरची तारीख कापलेली होती. ते शुल्क ऑगस्ट २०२३ चे. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण उठले. तरीही धसका घेऊन अनेकांनी चाळी फोडल्या आणि पडेल त्या भावात उन्हाळ कांदा दिला, असे वाचक कळवतात.

आम्ही एका बाजार समितीत जाऊन विचारले. लिपिकाने मोबाईल पुढे केला. "साहेब, आम्हालाही व्हॉट्सॲपवरच आलंय." त्याच्यामागच्या फलकावर हमालीचे जुने दरपत्रक लटकत होते. बाजार फी रोज वसूल होते, मग चालू आदेशाची एक प्रत दाराशी लावायला काय अडचण आहे?

फेब्रुवारी २०२४ विसरू नका. निर्यातबंदी उठल्याच्या बातम्या आल्या, लासलगावला भाव चढले आणि दोन दिवसांत केंद्राने सांगितले की बंदी कायम आहे. अधिसूचना निघालेलीच नव्हती. बंदी प्रत्यक्षात उठली मे महिन्यात.

म्हणून कागद कोणाचा, ते आधी पाहा. बंदी आणि किमान निर्यात मूल्याचा आदेश विदेश व्यापार महासंचालनालय काढते, शुल्काचा अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग. दोन्हींवर क्रमांक आणि तारीख असते, दोन्ही ई-राजपत्रावर सापडतात. राज्याच्या शासन निर्णयाखाली अठरा अंकी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. गारपिटीचा किंवा सडलेल्या कांद्याचा फोटो आला तर गुगल लेन्सवर टाका, आधी कुठे छापला असेल तर बहुतेक वेळा सापडतो. भावासाठी पणन मंडळाचे आकडे पाहा, आणि त्यातही कमाल भाव नव्हे, सर्वसाधारण भाव.

उत्पादक गटांच्या सचिवांनो, क्रमांक नसलेला कागद पुढे ढकलू नका. तुमच्या एका बोटाने शेजाऱ्याची चाळ रिकामी होते. समित्यांच्या सभापतींनो, लिलावाचा पुकारा होण्याआधी चालू आदेश मराठीत, क्रमांक-तारखेसह प्रवेशद्वारावर लावा. ज्या समित्या लावतील त्यांची नावे वाचकांनी कळवावीत, पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापू.