चौगानाचे मैदान

कॅनडाच्या गोठलेल्या तळ्यांवर साधे बूट घालून झाडूसदृश काठीने चेंडू हाकणारे ब्रूमबॉलपटू आणि जयपूरच्या रामबागेनजीकच्या हिरवळीवर घोडा दौडवीत वेताच्या लांब काठीने चेंडू टोलविणारे पोलोपटू यांच्यात वरकरणी काहीच साम्य नसले, तरी काठी, चेंडू आणि नवख्या प्रेक्षकाची तारांबळ ही त्रयी उभयतांस सामायिक आहे. आणि बर्फाचे मैदान या मरुप्रांताच्या नशिबी नसल्यामुळे आमच्या जयपूरवासी मराठी वाचकांस आम्ही दुसऱ्या खेळाकडेच नेत आहोत.

फारसी अमदानीत चौगान म्हणून नावाजलेल्या या खेळात प्रत्येक पक्षाचे चार स्वार असतात. सुमारे सात मिनिटांच्या प्रत्येक खंडास आपलाच ‘चक्कर’ हा शब्द जगभर रूढ आहे. गोल होताच पक्ष दिशा बदलतात. डावखुऱ्यासही काठी उजव्याच हाती धरावी लागते. आणि चेंडूच्या रेषेवरून येणाऱ्या स्वारास आडवे जाणे हा मोठा अपराध गणला जातो.

ज्या महाराजा सवाई मानसिंहांनी १९३३ साली इंग्लंडातील प्रमुख स्पर्धा जिंकून जयपूरचा लौकिक वाढविला आणि १९७० साली तिकडेच सायरेन्सेस्टर येथे खेळताना कोसळून देह ठेवला, त्यांची परंपरा राजस्थान पोलो क्लब आजही चालवीत आहे. राजेरजवाड्यांचा खेळ म्हणून दबकून न राहता, वाचकहो, हिवाळ्यातील एखाद्या दुपारी मैदानाच्या कडेला जाऊन बसावे. टापांचा नाद कानी पडला की उरलेले नियम आपोआप उमगतात.