सायरसचा दंडगोल ही मानवी हक्कांची सनद नव्हे

१/ 'मानवी हक्कांची जगातील पहिली सनद' म्हणून सायरसच्या मातीच्या दंडगोलाचे छायाचित्र पुन्हा फिरते आहे. सोबतच्या 'भाषांतरात' गुलामगिरी बंद केल्याची घोषणा आहे. मूळ लेखात ती नाही. म्हणून हा थ्रेड.

२/ वस्तू अस्सल आहे. १८७९ साली होर्मुझ्द रस्साम यांच्या उत्खननात ती बॅबिलोनमध्ये सापडली. आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१३-१४ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही ती पाहता आली होती.

३/ लेख काय सांगतो? राजा नबोनिडसने मर्दुक देवाची उपासना बिघडवली, प्रजेवर जाचक वेठ लादली. म्हणून मर्दुकने सायरसला निवडले. सायरसने देवमूर्ती आपापल्या देवळांत परत पाठवल्या आणि नगराची तटबंदी दुरुस्त केली.

४/ वेठीतून सुटका झाली ती बॅबिलोनच्या नागरिकांची. गुलामांच्या खरेदी-विक्रीचे करार पर्शियन अमलातही मातीच्या पाट्यांवर लिहिले जातच होते. ज्यूंचा वा जेरुसलेमचा उल्लेखही येथे नाही. ती हकीकत बायबलमधली.

५/ 'बॅबिलोन युद्धाविना मिळाले' हा दावाही तपासावा. इ.स.पू. ५३९ मध्येच तैग्रिसकाठच्या ओपिस येथे लढाई व कत्तल झाल्याचे बॅबिलोनी बखर नोंदवते. बॅबिलोन लढले नाही, कारण ओपिस आधीच पडले होते.

६/ आधीच्या राजाची निंदा, देवाची कृपा, बांधकामाची नोंद ही मेसोपोटेमियातील राजलेखांची जुनीच रीत. तेथे सापडलेल्या अशुरबनिपालच्या लेखाचा उल्लेख खुद्द या दंडगोलात आहे.

७/ मग 'सनद' आली कोठून? १९७१ मध्ये इराणच्या शहाने राजेशाहीच्या २५०० वर्षांचा सोहळा केला, दंडगोल त्याचे बोधचिन्ह केले आणि प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांना भेट दिली. त्याच वेळी त्याची 'सावाक' ही गुप्त पोलीस यंत्रणा विरोधकांचा छळ करीत होती. मानवी हक्कांचे श्रेय अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजाला देणे, जिवंत प्रजेला ते हक्क देण्यापेक्षा सोपे होते.

८/ कोणी म्हणेल, चांगल्या मूल्यांसाठी थोडी अतिशयोक्ती चालायचीच. चालू नये. आवडत्या राजासाठी बनावट वाक्य स्वीकारणाऱ्याला नावडत्या राजाविरुद्धचे बनावट वाक्य नाकारण्याचा अधिकार उरत नाही.

९/ जिंकलेल्या नगराच्या देवाचा मान राखून सत्ता स्थिर करणारा सायरस मुत्सद्दी म्हणून थोरच आहे. त्याला आपल्या प्रमाणपत्राची गरज नाही. पुढच्या वेळी ते छायाचित्र आले, तर एवढेच विचारा: हे वाक्य कितव्या ओळीत आहे?