आकड्यांच्या आधीचे दप्तर

मायकल लुईस यांच्या २००३ सालच्या पुस्तकावरून २०११ मध्ये निघालेल्या ‘मनीबॉल’ या चित्रपटात ओकलंडच्या बेसबॉल संघाचा महाव्यवस्थापक बिली बीन, तिजोरीत खडखडाट असताना, मुरलेल्या पारख्यांचा कौल अव्हेरून केवळ आकडेवारीच्या आधारे उपेक्षित खेळाडू गोळा करतो आणि २००२ च्या हंगामात त्याचा संघ सलग २० सामने जिंकतो. ही कथा पाहून आपल्या क्रीडारसिकाचा असा ग्रह होतो की, आकड्यांना न्यायासनावर बसविले म्हणजे वशिला आणि पूर्वग्रह आपोआप रजा घेतील. (त्या संघापाशी तीन अव्वल गोलंदाज होते, हे चित्रपट जवळजवळ विसरतोच, पण ते असो.)

वस्तुतः आकड्यांची वाण आपल्या क्रिकेटला कधीच नव्हती. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या आणि ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम अवघ्या ९ धावांवर आला असता प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. तथापि निंबाळकरांना कसोटीची टोपी कधीही मिळाली नाही. ५८९ बळी घेणाऱ्या पद्माकर शिवलकरांच्या वाट्याला त्यांच्यासारख्याच डावखुऱ्या फिरकीच्या बिशनसिंग बेदींचा काळ आला, हे मान्य. परंतु अकरा हजारांवर धावा जमविणारे अमोल मुझुमदारही उंबरठ्याबाहेरच राहिले. निकाल दप्तरी दाखल होता; अंमलबजावणी तेवढी झाली नाही.

तरीही या तिघांची निदान दप्तरी नोंद होती. बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावी तीही नाही. ज्या मुलुखात पिकाची आणेवारी काढण्याची वहिवाट जुनी, तेथे पोराने किती धावा काढल्या, किती षटके टाकली, शंभर मीटर किती सेकंदांत कापले, याचे टिपण कोणी राखीत नाही. टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात, बक्षिसे वाटली जातात आणि धावपत्रक मांडवाबरोबर नाहीसे होते. त्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडाबरोबर पोरही गेले, तर पुढील सहा महिने शाळेच्या हजेरीपटासही त्याचा पत्ता नसतो. याच जिल्ह्यातील मांडव्याचे धावपटू अविनाश साबळे यांच्या पायांतील वेगाची खरी मोजदाद सैन्यात शिरल्यावर झाली आणि २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांचे सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. बीडच्याच सचिन धस याने २०२४ च्या युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ४ बाद ३२ अशा अवस्थेतून ९६ धावा करून संघ सावरला. पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या मैदानापर्यंत ज्याला पोहोचताच येत नाही, त्याचे काय?

म्हणून माझे म्हणणे इतकेच की, तालुकोतालुकी क्रीडासंकुलांच्या भिंती उभारण्याआधी प्रत्येक जिल्हा परिषद शाळेस एक थांबघड्याळ, एक धावफलकवही आणि ती वही वर्षानुवर्षे जतन करण्याचा सक्त हुकूम द्यावा, आणि मूल ऊसतोडीला गेले तर त्याच्या दाखल्याबरोबर त्याचे आकडेही जावेत. मुरमाड मैदानावरील धावांचा हिशेब शहरातील धावांशी जुळणार नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्तच आहे. परंतु दिंद्रुडच्या पोराची तुलना प्रथम शेजारच्या माजलगाव आणि धारूरच्या पोरांशी करावयाची आहे, मुंबईच्या नव्हे.