विश्लेषण : ‘एचसीआय’ सर्व्हर घेताय? आधी बाहेर पडण्याचा रस्ता पाहा!

कंपनीचा जुना सर्व्हर बदलायची वेळ आली की हल्ली कोटेशनमध्ये एक शब्द हमखास दिसतो : ‘एचसीआय’, म्हणजेच हायपरकन्व्हर्ज्ड इन्फ्रास्ट्रक्चर. ग्राहक पन्नास-शंभर माणसांचा कारखाना असो, पॅथॉलॉजी लॅब असो की पतसंस्था, डेमो सगळीकडे सारखाच झकास होतो. मात्र लहान आणि मध्यम उद्योगांनी पुरवठादाराची पारख डेमोवर करू नये. तीन वर्षांनी करार संपेल तेव्हा आपल्या हातात काय उरेल, हा खरा निकष असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एचसीआय म्हणजे नेमके काय?

पूर्वी सर्व्हर वेगळे, डेटा साठवणारे स्टोरेज वेगळे आणि दोघांना जोडणारा स्विच वेगळा असे. काही बिघडले की तीन कंपन्यांना फोन लागत आणि तिघीही एकमेकींकडे बोट दाखवत. एचसीआयमध्ये वेगळे स्टोरेज नसते. प्रत्येक सर्व्हरमध्ये, म्हणजे ‘नोड’मध्ये, स्वतःच्या डिस्क असतात आणि सॉफ्टवेअर त्या सगळ्या मिळून एक सामायिक साठा तयार करते. प्रत्येक माहितीची प्रत किमान दोन नोडवर ठेवली जाते. त्यामुळे एक नोड बंद पडला तरी दुसऱ्यावरून काम चालते.

सोय खरी आहे, याबद्दल वाद नाही. पण या व्यवस्थेचा सगळा प्राण सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि ते सॉफ्टवेअर बहुतेक वेळा भाड्याने मिळते.

मग काळजी कशाची?

अलीकडची दोन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेण्याचा सुमारे ६१ अब्ज डॉलरचा करार मे २०२२ मध्ये जाहीर केला आणि २२ नोव्हेंबर २०२३ रोजी तो पूर्ण झाला. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली. ज्यांच्याकडे असे परवाने होते त्यांना सॉफ्टवेअर वापरता येत राहिले, पण देखभालीचा करार वाढवायचा तर वर्गणीचाच मार्ग उरला. एकदा पैसे मोजून निश्चिंत झालेल्या ग्राहकांचे अंदाजपत्रकच बदलले.

दुसरे उदाहरण सिस्कोचे. सिस्कोने २०२३ मध्ये आपले ‘हायपरफ्लेक्स’ हे एचसीआय उत्पादन गुंडाळण्याचे जाहीर केले आणि न्यूटॅनिक्सशी हातमिळवणी केली. जुन्या ग्राहकांना ठरावीक मुदतीपर्यंत साहाय्य मिळणार असले तरी पुढचा नोड घेताना त्यांना नव्याने विचार करणे भाग पडले. नाव मोठे म्हणून उत्पादन टिकेलच, असे समजण्याचे कारण नाही.

३० टीबीचे ८ टीबी कसे होतात?

कोटेशनवर ‘३ नोड, एकूण ३० टीबी’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. आता गणित करू. प्रत्येक माहितीच्या दोन प्रती ठेवायच्या म्हणजे ३० चे १५ झाले. एक नोड गेल्यावरही उरलेल्या दोघांवर दोन्ही प्रती मावायला हव्यात. म्हणजे २० टीबीचे निम्मे, १० टीबी. साठा काठोकाठ भरला की वेग मंदावतो, म्हणून पाचवा हिस्सा रिकामा सोडा. हाती उरले ८ टीबी.

कॉम्प्रेशनमुळे यात थोडी भर पडू शकते. पण स्कॅन केलेली कागदपत्रे, सीसीटीव्हीचे चित्रण किंवा एक्स-रेच्या प्रतिमा आधीच आक्रसलेल्या असतात. तिथे ‘दुप्पट जागा मिळेल’ या आश्वासनाला अर्थ नसतो. म्हणून ‘एक नोड बंद असताना वापरता येणारी जागा किती?’ एवढाच आकडा लेखी मागा.

परवान्याच्या बिलात कुठे पाहायचे?

व्हीएमवेअरचा परवाना कोअरच्या संख्येवर असतो आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअरचे पैसे द्यावे लागतात. समजा, तीन नोडमध्ये प्रत्येकी आठ कोअरचे दोन प्रोसेसर बसवले. प्रत्यक्ष कोअर ४८, पण बिल ९६ कोअरचे! त्याऐवजी प्रत्येक नोडमध्ये १६ कोअरचा एकच प्रोसेसर घेतला, तर कोअर तेवढेच राहतात आणि बिल ४८ चे होते. हे विक्रेता आपणहून सांगेल, अशी आशा ठेवू नका.

विंडोज सर्व्हरचेही तसेच. व्हर्च्युअल मशीन ज्या ज्या नोडवर जाऊ शकते, त्या प्रत्येक नोडसाठी परवाना लागतो. मायक्रोसॉफ्टची एचसीआय सोय, स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट, हवी असेल तर विंडोज सर्व्हरची महागडी डेटासेंटर आवृत्तीच घ्यावी लागते. ‘अझुर लोकल’ घेतल्यास दर कोअरमागे मासिक शुल्क आणि ३० दिवसांतून किमान एकदा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी संपर्क आवश्यक असतो.

डेमोमध्ये काय मागायचे?

चालू असलेले मशीन एका नोडवरून दुसऱ्यावर अलगद सरकवून दाखवणे हा विक्रेत्यांचा आवडता खेळ. पण ते ठरवून केलेले स्थलांतर असते. नोड अचानक बंद पडतो तेव्हा त्यावरची मशीन दुसऱ्या नोडवर पुन्हा सुरू व्हावी लागतात आणि त्यात काही मिनिटे जातात. म्हणून डेमोत नोडची वीज खरोखर तोडायला लावा आणि घड्याळ लावून बसा. मग स्विच बंद करायला सांगा. तीन नोड आणि मध्ये एकच स्विच असेल, तर सगळा डोलारा त्या एका डब्यावर उभा असतो.

दोनच नोडचा प्रस्ताव असेल तर ‘विटनेस’ कुठे आहे ते विचारा. दोन नोडमधला संपर्क तुटला की खरा कोण, हे ठरवायला तिसरे मत लागते. ते त्या दोघांपैकी एकावरच ठेवले असेल तर उपयोग शून्य.

साहाय्य कोण देणार?

‘चार तासांत प्रतिसाद’ याचा अर्थ चार तासांत फोन, की चार तासांत सुटा भाग घेऊन दारात इंजिनीअर? मुंबई-पुण्यात जे मिळते ते नांदेड किंवा रत्नागिरीत मिळेलच असे नाही. आपल्या पिनकोडसाठी काय लागू आहे, ते करारात लिहून घ्या.

बॅकअपची गरज संपते का?

अजिबात नाही. दोन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. रॅन्समवेअरने फाइल कुलूपबंद केली की तिच्या दोन्ही प्रती कुलूपबंद होतात. शिवाय हिशेबाची पुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपन्यांना २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतातील सर्व्हरवर दररोज बॅकअप ठेवणे बंधनकारक आहे. वेगळ्या बॅकअपचा खर्च कोटेशनमध्ये नसेल, तर ते कोटेशन अपुरे आहे.

मग निवडायचे काय?

पाच-सहा व्हर्च्युअल मशीन, टॅली आणि एक ईआरपी एवढाच पसारा असेल, तर माझ्या मते एचसीआयची गरज नाही. दोन साधे सर्व्हर, एकावरून दुसऱ्यावर ठरावीक वेळाने प्रत आणि चांगला बॅकअप एवढ्यावर काम भागते. अर्धा तास काम थांबल्याने खरोखर मोठे नुकसान होत असेल, तरच पुढे जा.

पुढे जायचे ठरल्यास न्यूटॅनिक्समध्ये हायपरवायजरचा वेगळा परवाना लागत नाही आणि व्यवस्थापन सोपे आहे, पण तीही वर्गणीच. ऑस्ट्रियातील प्रॉक्समॉक्सचे सॉफ्टवेअर मुक्त आहे. साहाय्याची वर्गणी प्रोसेसरमागे असते आणि ती ऐच्छिक आहे. मात्र लिनक्स आणि सेफ जाणणारा माणूस हाताशी नसेल तर स्वस्तात घेतलेले महागात पडेल.

कोणाचेही घ्या, तीन गोष्टी सहीआधी पदरात पाडा. पहिली, नूतनीकरणाच्या दरवाढीवर लेखी मर्यादा. दुसरी, दुसऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअरही चालेल असेच सर्व्हर. तिसरी, बाहेर पडण्याची चाचणी : आपले एक मशीन त्यांच्या व्यवस्थेतून काढून दुसऱ्या कंपनीच्या हायपरवायजरवर सुरू करून दाखवा, असे सांगा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

लहान ग्राहकाच्या हाती सौद्याची ताकद असते ती पीओ निघेपर्यंतच. करार आधीच झाला असेल, तर तो संपण्याची तारीख आज मोबाइलमध्ये नोंदवा आणि तिच्या बारा महिने आधीचा गजर लावा. पर्याय शोधून, तपासून, डेटा हलवायला तेवढा वेळ लागतोच.