ओल्या धानाचा हिशेब

कुंभकोणमच्या पूर्वेला पाच-सहा किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् आहे. नवग्रहांच्या यात्रेतले राहूचे स्थान म्हणून तिथले नागनाथस्वामींचे देऊळ महाराष्ट्रातल्या भाविकांनाही ठाऊक असते. राहुकाळातला दुग्धाभिषेक पाहून यात्रेकरू परततो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातशेती असते. ऑक्टोबर असेल, तर कावेरीच्या या मुलुखात निम्म्या रस्त्यावर धानही पसरलेले दिसते. खळी गेली आणि त्यांची जागा डांबराने घेतली.

हे धान कुरुवै हंगामाचे असते. मेट्टूर धरणाचे पाणी 12 जूनला सोडण्याची जुनी रीत आहे. त्या पाण्यावर लावलेले कमी मुदतीचे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणीला येते. तामिळनाडूचा मोठा पाऊस म्हणजे ईशान्य मोसमी पाऊसही ऑक्टोबरातच सुरू होतो. पीक आणि पाऊस एकाच महिन्यात दारात येतात, आणि पावसाला तारीख बदलून मागता येत नाही.

पूर्वी कापलेल्या पेंढ्या शेतात सुकत, मग मळणी होई. आता हार्वेस्टर काही तासांत शेत मोकळे करतो आणि वीस-पंचवीस टक्के ओलाव्याचा दाणा एकदम शेतकऱ्याच्या पदरात टाकतो. कापणीची कडी वेगवान झाली. तिच्या पुढची कडी, म्हणजे वाळवणी, उन्हावर आणि रस्त्यावरच राहिली. सरकारी खरेदी केंद्रात नियमाप्रमाणे 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. निर्धास्त साठवणीसाठी तो 14 च्या आसपास हवा. हा फरक कोणी भरून काढायचा, याचे उत्तर व्यवस्थेने कधी लिहून ठेवलेलेच नाही. ते काम शेतकऱ्याच्या गळ्यात पडले आहे.

2025 च्या ऑक्टोबरात त्याची किंमत सगळ्यांना दिसली. तंजावर आणि आसपासच्या जिल्ह्यांत खरेदी केंद्रांबाहेर धानाचे ढीग भिजले, दाण्यांना मोड आले. राज्याने ओलाव्याची मर्यादा 22 टक्क्यांपर्यंत नेण्याची मागणी केली, केंद्राची पथके नमुने घ्यायला आली, पुढाऱ्यांचे दौरे झाले. माल पुढे न सरकण्याचे एक कारण राज्य सरकारने असे सांगितले, की रेशनच्या तांदळात मिसळायच्या पोषणयुक्त दाण्यांना केंद्राची मंजुरी वेळेत मिळाली नाही. हे दाणे शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात मिसळायचे होते. तो एक किलो अडला की शंभर किलोची भरडाई थांबते, गोदाम रिकामे होत नाही, खरेदी केंद्रावरचा काटा बंद पडतो आणि रांगेतल्या शेतकऱ्याचा ढीग आणखी चार रात्री आभाळाखाली राहतो. पुरवठासाखळीतला अपव्यय असा होतो: चूक एका कडीवर आणि नासाडी भलत्याच कडीवर. दोष केंद्राचा की राज्याचा, हा वाद निवडणुकीच्या सभांमध्ये चालत राहील. ढीग भिजतो तो मात्र शेतकऱ्याचा.

त्या हंगामात तामिळनाडूने साधारण धानाला प्रोत्साहन रक्कम धरून क्विंटलला 2500 रुपये भाव दिला. 40 किलोचे पोते म्हणजे हजार रुपये. मोड आलेल्या, रंग बदललेल्या, खराब आणि किडक्या दाण्यांचे एकूण प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेले की नियमाप्रमाणे ते पोते नाकारता येते. चार महिन्यांची मेहनत शेवटच्या आठवड्यात अशी बाद होते.

पैशांइतकाच पाण्याचा हिशेब मांडायला हवा. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार एक किलो धान पिकवायला शेताला सरासरी 2500 लिटर पाणी द्यावे लागते, पावसाचे आणि सिंचनाचे मिळून. कावेरीच्या पाण्यासाठी दोन राज्ये पिढ्यान्‌पिढ्या भांडली. 16 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूला द्यायचे पाणी 177.25 टीएमसी ठरवले. एकेका टीएमसीसाठी एवढी झुंज द्यायची आणि त्याच पाण्यावर पिकलेला दाणा ताडपत्रीअभावी कुजू द्यायचा, याला कोणते नियोजन म्हणायचे?

ओलाव्याची मर्यादा शिथिल करणे हा दरवर्षीचा तोडगा झाला आहे. त्याने शेतकऱ्याला तात्काळ दिलासा मिळतो, म्हणून त्याला विरोध करवत नाही. पण त्याने धान वाळत नाही, ओल फक्त पुढे ढकलली जाते. 22 टक्के ओलाव्याच्या 40 किलोच्या पोत्यात, 14 टक्क्यांच्या हिशेबाने, सुमारे पावणेचार किलो जास्तीचे पाणी असते. तंजावर आणि नीडामंगलमहून मालगाड्या भरून धान दूरच्या जिल्ह्यांत भरडाईला जाते, तेव्हा त्याबरोबर हे पाणीही डिझेल जाळून वाहून नेले जाते. ओला दाणा गोदामात तापतो, पिवळा पडतो. भिजणे आणि सुकणे यांचा खेळ दोन-तीनदा झाला, की दाण्याला आत बारीक भेगा पडतात आणि गिरणीत अख्ख्या तांदळाऐवजी कणी निघते. भिजलेल्या ढिगाचा फोटो छापून येतो. गिरणीतली ही तूट कुठल्याच फोटोत येत नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियानातील काढणीपश्चात संस्थेने 2015 मध्ये धान्यांचे काढणीनंतरचे नुकसान 4.65 ते 5.99 टक्के असल्याचे नोंदवले, त्यात अशा न दिसणाऱ्या गळतीचा वाटा आहे.

उपाय सापडलेला नाही असे कोणी म्हणत असेल, तर ते खरे नाही. 1967 मध्ये याच मुलुखात, तिरुवारूरच्या आधुनिक भातगिरणीत, एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. तिच्यामागे होते डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक. कापणीच्या वेळी पावसात भिजलेले धान कसे टिकवायचे, हाच तिच्यापुढचा पहिला प्रश्न होता, आणि त्यावर शोधलेला एक उपाय म्हणजे साधे मीठ. मिठाने दाण्यातले पाणी ओढून घ्यायचे आणि वाळवणीपर्यंतचे दिवस निभावून न्यायचे. ती प्रयोगशाळा वाढत वाढत आज तंजावरची राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्था झाली आहे. अठ्ठावन्न वर्षांनी, त्या संस्थेच्या अंगणात म्हणावे इतक्या जवळ, धानाला मोड आले. संशोधन कमी पडले नाही. ते खरेदी केंद्राच्या काट्यापर्यंत कोणी नेलेच नाही.

तूस हे हाताशी असूनही न वापरलेल्या उपायाचे दुसरे उदाहरण. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातही पावसात कापणी होते. तिथे 1980 च्या दशकापासून सपाट थराच्या वाळवणी यंत्रांचा प्रसार झाला आणि त्यांच्या भट्ट्या तुसावर चालतात. पुढे अशी यंत्रे हजारोंनी बसली. धानाचा कचरा धानालाच वाचवतो. कावेरीच्या मुलुखात तूस गिरणीत तयार होते आणि ओल असते खरेदी केंद्रावर, ही अडचण खरी आहे. पण धान घेऊन गिरणीकडे गेलेला ट्रक परत येतोच, त्यातून तूस आणता येईल. गिरण्यांच्या बॉयलरना तूस लागते, हेही मान्य. तरी ओलावा 22 वरून 14 टक्क्यांवर आणायला त्याच धानाच्या तुसातला काही भाग पुरतो.

यंत्र वर्षातले दहा महिने पडून राहील, अशी हरकत घेतली जाते. ती टिकणारी नाही. जानेवारी-फेब्रुवारीत सांबा पिकाची कापणी असते आणि अवकाळी पाऊस तेव्हाही गाठतो; 2023 च्या फेब्रुवारीत ओलाव्याची मर्यादा त्याचमुळे सैल करावी लागली होती. त्यानंतर याच शेतांत उडीद येतो. चाकांवरचे यंत्र गावोगाव फिरू शकते.

याहून महत्त्वाचा बदल काट्यावर करायचा आहे. आज ओल मर्यादेपेक्षा एका टक्क्याने जास्त असली तरी माल परत पाठवता येतो. त्याऐवजी माल त्याच दिवशी घ्यावा, ओलाव्याप्रमाणे कोरड्या वजनाचा हिशेब करून पैसे द्यावेत आणि वाळवणी खरेदीदाराने करावी. अमेरिकेतल्या धान्य कोठारांत ही पद्धत रुळलेली आहे. असे झाले तर ओले धान शेतकऱ्याच्या दारात अडकणार नाही, आणि वाळवणी यंत्र बसवण्यात खरेदी करणाऱ्या सरकारी महामंडळाचाच फायदा असेल.

मराठी वाचकाने हे सगळे दुरून पाहू नये. तंजावरवर 1855 पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. सरफोजी महाराजांनी ओरत्तनाडूला बांधलेल्या मुक्तांबाळ छत्रासारख्या अन्नछत्रांत वाटसरूंना जेवू घातले जाई, ते याच कावेरीकाठच्या तांदळाचे. आणि आजचे दुखणे तर थेट आपले आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर धान उघड्यावर पडते, बारदाना संपतो, भरडाईचे करार लांबतात आणि अवकाळी पाऊस यायचा तेव्हा येतो. कोकणात परतीचा पाऊस कापलेल्या भातावरच कोसळतो. नुकसान झाले की पंचनामे होतात. पंचनाम्यावर खर्च होणारे मनुष्यबळ आणि भरपाईचा पैसा यांचा काही भाग आधीच वाळवणी यंत्रांवर आणि पक्क्या ओट्यांवर खर्च करावा, एवढा साधा विचार अजून अंदाजपत्रकात शिरलेला नाही.

महाराष्ट्र शासनाने येत्या खरीप खरेदीपूर्वी निदान पूर्व विदर्भातल्या मोठ्या केंद्रांवर तुसावर चालणारी वाळवणी यंत्रे बसवावीत आणि धान कोरड्या वजनाच्या हिशेबाने त्याच दिवशी घ्यावे. गोंदियात गिरण्या आहेत आणि तूसही आहे. फक्त निर्णय व्हायचा आहे.