एका हाताचा सोडा

सोडावॉटरची बाटली फोडणे हे काम म्हणून कुणी मोजत नाही. एका हाताने बाटली धरावी, दुसऱ्याने ओपनर लावावा, फस्स आवाज आला की झाले! या क्षुल्लक गोष्टीला दोन हात लागतात, हे वयाची पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या ध्यानीमनीही आले नव्हते. ते कळले गेल्या दिवाळीत, अंबाजोगाईला काकांच्या ओसरीवर.

त्याआधीच्या उन्हाळ्यात काकांना अर्धांगाचा झटका आला होता. वाचा सावरली, पाय काठीच्या आधाराने चालू लागला. डावा हात मात्र मांडीवर ठेवला तर ठेवल्या जागीच राही. जेवणानंतर एक सोडा, ही त्यांची जुनी चैन. तिकडचा सोडावाला अजून काचेच्या बाटल्यांचा क्रेट घरपोच टाकतो. पूर्वी काका स्वतः बाटल्या फोडून घरादाराला घोट घोट वाटीत. आता त्यांना “अगं, जरा येतेस का?” अशी हाक मारावी लागे. काकू हातातले काम टाकून येत, कुरकुरही करीत नसत. पण दोन दिवसांतच माझ्या लक्षात आले, की काकांनी सोडा मागणेच सोडले आहे. “नको वाटतो आताशा,” ते म्हणाले. कोपऱ्यात क्रेट भरलेला तसाच होता.

माझ्या सुतारकामाच्या हौशीचे प्रताप या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेतच. मनात आले, ओपनरच भिंतीवर बसवला तर? मग बाटली तेवढी धरायची. आणि उडालेले बूच उचलायला काकांना वाकता येत नाही, तेव्हा ते खाली पडताच कामा नये. म्हणजे फळीच्या पोटात लोहचुंबक हवा.

हे दातेरी बूच मूळचे बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरचे. त्याने १८९२ साली त्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वी १८७२ मध्ये हायरम कॉड या इंग्रजाने गोटीची बाटली काढली होती. तीच आपली गोटी सोड्याची बाटली. पेंटरच्या बुचाला चोवीस दाते होते, आता एकवीस असतात. खोटे वाटत असेल तर मोजून पाहा. हे बूच पोलादी पत्र्याचे, म्हणून चुंबकाला चिकटते. फिरवून उघडायचे ॲल्युमिनियमचे झाकण चिकटणार नाही.

परसात मोडक्या बैलगाडीची बाभळीची फळी पडली होती. बारा इंच लांब, चार इंच रुंद, इंचभर जाड असा तुकडा कापला, रंधा मारला, काचकागदाने घासून जवसाचे तेल चोळले. वाळलेली बाभूळ म्हणजे लोखंडच. गिरमिटाने आधी भोक पाडल्याशिवाय तिच्यात स्क्रू शिरत नाही. जबरदस्ती केली तर त्याचे डोके तुटते. वरच्या अंगाला बिडाचा ओपनर बसवला.

चुंबक जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला घेतला आणि फळीच्या पाठीमागून बसवला. पुढे अर्धा इंच लाकूड तसेच राहिले. पहिली बाटली उघडली आणि बूच टण्‌दिशी फरशीवर! अंतर वाढले की चुंबकाचा जोर झपाट्याने ओसरतो, हे शाळेत शिकलो होतो. पण शाळा सुटली नि पाटी फुटली. मग बाजारातून निओडिमियमची रुपयाएवढी चकती आणली. हा चुंबक १९८० नंतरच्या दशकात निघाला. आकाराने लहान, पण जोर विलक्षण. उघडलेले बूच कोठून घसरते ते दोनतीन बाटल्या उघडून पाहिले, तेथे पेन्सिलीची खूण केली, आणि मागून पटाशीने खळगा कोरीत पुढे जेमतेम अष्टमांश इंच लाकूड ठेवले. चकती दोन नळ्यांच्या गोंदाने पक्की केली. आता बूच खाली येताना वाटेतच टक्‌ करून चिकटले! मात्र असे चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन गिळले गेले तर आतड्याला चिमटा बसतो आणि जिवावर बेतते. छातीत पेसमेकर असलेल्यांनीही ते अंगाशी धरू नयेत.

ओसरीची भिंत दगडमातीची. तिच्यात स्क्रू धरत नाही, म्हणून लाकडी गुट्ट्या ठोकल्या आणि फळी माझ्या छातीच्या उंचीवर बसवली. काकांना मोठ्या थाटात बोलावले. ते काठी टेकीत आले, फळीपुढे उभे राहिले, आणि माझ्या पोटात धस्स झाले. त्यांच्या एकुलत्या चालत्या हातात काठी होती. बाटली धरायची तर काठी सोडायची, आणि काठी सोडली तर उभे कसे राहायचे?

काका फळीवरून हात फिरवत म्हणाले, “छान केलंस रे. उभं राहणाऱ्या माणसासाठी.”

त्यांनी ते रागाने म्हटले असते तर बरे वाटले असते. सगळी मापे मी घेतली होती, फक्त ज्याच्यासाठी करायचे त्याचेच घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी काका आंघोळीला गेले असता मी त्यांच्या खुर्चीत बसलो. काकूंकडून डावा हात उपरण्याने अंगाशी बांधून घेतला आणि बाटली घेऊन भिंतीवर चाचपडू लागलो. काकू आधी हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, “थोडं खाली. ते डावीकडं कलून बसतात.” ही गोष्ट कोणत्या फूटपट्टीवर सापडली असती? खुर्चीच्या उजव्या बाजूला, कोपराच्या उंचीवर, चार बोटे पुढे अशी जागा ठरली. बाटलीची मान आत घालून बूड खाली दाबले की काम व्हावे, अशी.

त्या दुपारी जेवणानंतर मी मुद्दामच आत जाऊन पडलो. ओसरीवरून फस्स असा आवाज आला, पाठोपाठ टक्‌. काकूंनी भांडी घासता घासता माझ्याकडे पाहिले. उठल्या मात्र नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा फस्स, पुन्हा टक्‌. मग जुन्या दमदार आवाजात हाक आली :

“अरे, पेले आण दोन. आणि तुझ्या काकूलाही बोलाव. सोडा फोडलाय.”

भिंतीवरची पहिली भोके अजून तशीच आहेत. बुजवतो म्हटले, तर काका म्हणाले, “असू दे. तुझ्या उंचीची आहेत.”